जुन्या पीसीला चालू असतानाच काढता-घालता येणारी हार्ड डिस्क जोडायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे जुना पीसी म्हणजे साधारण २००५ ते २०१२ मधला, कोर टू ड्युओ नाहीतर पहिल्या-दुसऱ्या पिढीचा आय-३, आय-५, घरी असेंबल केलेला किंवा ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड. बहुतेकांना एकच उत्तर पुरतं, मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये (कार्ड बसवायची खाच) यूएसबी ३.० चं एक साधं कार्ड टाका आणि त्याला एक डॉक (डिस्क उभी खोचायचा स्टँड) जोडा. त्यावर भागत नसेल किंवा ते करूनही काहीतरी अडलं असेल तर पुढचं वाचा.

हॉट-स्वॅप म्हणजे नेमकं काय? एक्सटर्नल डिस्क म्हटली की ती हॉट-स्वॅपच ना?

पीसी बंद न करता एक डिस्क काढायची, दुसरी लावायची आणि ती लगेच दिसायला हवी, एवढंच. यूएसबीवर हे होतंच, ते बनवलंच त्यासाठी. साटा डिस्कही (साटा म्हणजे पीसीच्या आत डिस्क जोडायचं नेहमीचं कनेक्शन) तशी तयारीची असते, तिचा कनेक्टर नीट बघा, काही पट्ट्या बाकीच्यांपेक्षा थोड्या लांब दिसतील, त्या ग्राउंडच्या, म्हणजे डिस्क आत सरकताना आधी ग्राउंड टेकतं आणि मग बाकीचं. त्यामुळे प्रॉब्लेम शक्यतो डिस्कमध्ये नसतोच. तो मदरबोर्डच्या कंट्रोलरमध्ये असतो, बायोसमधल्या (पीसी सुरू होताना आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंगमध्ये असतो, नाहीतर विंडोजमध्ये. लोक नवीन डिस्क आणतात, मग दुसरी आणतात, आणि बोर्ड तोच, जुन्या जी४१ चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप).

माझ्या पीसीला काय चालेल हे कसं ओळखू?

मागे बघा. निळा यूएसबी पोर्ट असेल तर शक्यतो यूएसबी ३.० आहे, मग तुम्ही उगाच इथे आलात. इंटेलने यूएसबी ३.० थेट चिपसेटमध्ये दिलं ते २०१२ च्या सात सिरीजपासून, एएमडीने वर्षभर आधी ए७५ मध्ये दिलं होतं. त्याआधीच्या काही महागड्या बोर्डांवर वेगळी चिप लावून दिलेलं असायचं पण आपल्याकडचे ऑफिस-घरचे पीसी त्यातले नाहीत.

मग कॅबिनेट उघडून स्लॉट बघा. छोटासा, जेमतेम अडीच सेंटीमीटरचा स्लॉट म्हणजे पीसीआय एक्सप्रेस एक्स-१, हा असेल तर काम झालं. लांब पांढरे स्लॉट म्हणजे जुनं पीसीआय, त्याची अख्खी बस १३३ एमबी प्रति सेकंद आणि तीसुद्धा सगळ्या कार्डांत वाटून. फक्त पीसीआय असलेल्या पेंटियम ४ वर मी तरी पैसे घालणार नाही, त्यावर यूएसबी १.१ असेल तर २.० चं कार्ड टाकावं आणि तिथेच थांबावं.

कार्ड कशाला, यूएसबी २.० वरच चालवलं तर काय बिघडतं?

बिघडत काहीच नाही, वेळ जातो. कागदावर ४८० मेगाबिट असलं तरी हातात ३०-३५ एमबी प्रति सेकंदच पडतात. १ टीबी कॉपी करायला आठ-नऊ तास लागतात, रात्री लावून झोपायचं आणि सकाळी बघायचं. आठवड्याला दोन-चार जीबीचे फोटो आणि टॅलीचा डेटा एवढाच बॅकअप असेल तर खरंच कार्ड घेऊ नका. पण लग्नाचे व्हिडिओ शूट करणारे, एडिटिंगवाले, किंवा दर आठवड्याला डिस्क बदलून एक दुकानात एक घरी असं ठेवणारे, त्यांनी घ्यावं.

यूएसबी ३.० कार्ड घेताना काय बघायचं?

चिप बघा, बॉक्सवरचं नाव नाही. रेनेसास (आधीची एनईसी), व्हीआयए व्हीएल८०५, एएसमीडिया, फ्रेस्को लॉजिक अशा चिप येतात. विंडोज ८ पासून पुढे ड्रायव्हर आतच असतो, लिनक्समध्ये तर २००९ पासून आहे. विंडोज ७ ला मात्र ड्रायव्हर टाकावाच लागतो, आणि तो येतो सीडीवर, आणि सीडी ड्राइव्ह कधीच बंद पडलेला असतो, त्यामुळे आधीच दुसऱ्या पीसीवरून पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेवा. एक्सपी असेल तर एक्सपीचा ड्रायव्हर मिळणारी चिपच घ्या, रेनेसासचा मिळतो.

दुसरं म्हणजे कार्डावर पॉवरचं सॉकेट आहे का, साटा नाहीतर मोलेक्स (जुना चार पिनांचा पॉवर प्लग). असेल तर एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) वायर त्याला जोडाच. ती न जोडता कार्ड चालतं, पेनड्राइव्ह दिसतो, सगळं छान वाटतं आणि मग अडीच इंची डिस्क लावली की टिकटिक करून गायब होते. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

तिसरं, रिफर्बिश्डमध्ये मिळणारे डेलच्या ऑप्टिप्लेक्ससारखे बारीक कॅबिनेटचे पीसी असतील तर कार्डासोबत लो-प्रोफाइलची छोटी पट्टी आहे का ते बघूनच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर पीसीचा मॉडेल नंबर आणि आतल्या स्लॉटचा फोटो काढून न्या, दुकानदार दोन मिनिटांत सांगतो.

जुन्या बोर्डावर यूएसबी ३.० चा पूर्ण स्पीड मिळेल का?

नाही, आणि लागतही नाही. जुना एक्स-१ स्लॉट म्हणजे पहिल्या पिढीचं पीसीआय एक्सप्रेस, २५० एमबीची मर्यादा, प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. फिरणारी हार्ड डिस्क स्वतःच १०० ते २०० एमबीच्या मध्ये कुठेतरी असते, मग आणखी स्पीड घेऊन करायचं काय? दोन डिस्क एकाच वेळी पळवल्या तर फरक दिसेल. ग्राफिक्स कार्डाचा मोठा एक्स-१६ स्लॉट रिकामा असेल तर त्यातही हे कार्ड बसतं, पण काही जुन्या बोर्डांवर त्या स्लॉटमध्ये काहीही घातलं की ऑनबोर्ड डिस्प्ले बंद पडतो, मग स्क्रीन काळी बघून घाबरायचं नाही, कार्ड काढायचं.

ई-साटाचं काय? माझ्या ऑप्टिप्लेक्सला मागे ई-साटा पोर्ट आहे.

मग नशीबवान आहात, वापरा. २००४ मध्ये आलेलं हे स्टँडर्ड, म्हणजे आतलीच साटा बाहेर काढलेली, मध्ये यूएसबीचं भाषांतर नाही, डिस्कची हेल्थही सरळ वाचता येते. आतल्या साटाचा कनेक्टर साधारण ५० वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेला असतो, ई-साटाचा ५,०००. केबल २ मीटरपर्यंत चालते. फक्त ई-साटातून पॉवर येत नाही, डिस्कला वेगळा अॅडॉप्टर लागणारच. काही लॅपटॉपांवर यूएसबी आणि ई-साटा एकत्र असलेला पोर्ट असतो, त्यात पॉवर मिळते पण ती ५ व्होल्टची, अडीच इंचीपुरती.

नसेल तर मागे लावायची पट्टी मिळते, आतल्या साटा पोर्टला केबल लावून बाहेर ई-साटा. चालते, पण आतला पोर्ट १ मीटरच्या हिशोबाने बनवलेला असतो आणि त्याचा सिग्नलही जरा कमी जोराचा, म्हणून बाहेरची केबल आखूड ठेवा नाहीतर मध्येच डिस्क सुटल्यासारखं होतं.

आणि चार डिस्कचा ई-साटा बॉक्स स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. एका केबलवरून चार डिस्क दिसायला पोर्ट मल्टिप्लायर लागतो आणि इंटेलच्या चिपसेटचे पोर्ट तो ओळखत नाहीत, एकच डिस्क दिसेल. त्यासाठी सिलिकॉन इमेज ३१३२ सारख्या चिपचं वेगळं कार्ड लागतं. जुन्या पीसीवर एवढा खटाटोप मला तरी पटत नाही.

ई-साटाला डिस्क लावली पण रीस्टार्ट केल्याशिवाय दिसतच नाही. का?

कारण साटा कंट्रोलर आयडीई (साटाच्या आधीचं जुनं कनेक्शन) मोडमध्ये आहे. त्या काळी एक्सपी सरळ टाकता यावं म्हणून बोर्ड आयडीई मोडवरच सेट करून यायचे, आणि त्या मोडमध्ये हॉट-प्लग नसतं. बायोसमध्ये जाऊन तो एएचसीआय (साटाचा स्वतःचा, हॉट-प्लग असलेला मोड) करावा लागतो. नंतरच्या बोर्डांवर प्रत्येक पोर्टसमोर हॉट प्लग असं वेगळं सेटिंगही असतं, ते एनेबल करा.

आता गंमत अशी की जी३१ आणि जी४१ बोर्ड, जे एके काळी आपल्याकडे घरोघरी होते, त्यांच्यात साधी आयसीएच७ चिप आहे आणि तिच्यात एएचसीआय नाहीच. बायोसमध्ये शोधून शोधून सापडत नाही म्हणून बायोस अपडेट करायला जातात लोक. करू नका, असलेलं बंद पडायचं. त्या बोर्डावर सरळ यूएसबी ३.० कार्ड.

एएचसीआय केलं आणि विंडोज निळी स्क्रीन देऊन बंद!

अपेक्षितच होतं, एरर ०x००००००७बी असेल. परत बायोसमध्ये जाऊन आयडीई करा, विंडोज चालू होईल, काही उडालेलं नाही. विंडोज ७ असेल तर रजिस्ट्रीमध्ये करंट कंट्रोल सेटच्या सर्व्हिसेसमध्ये 'एमएसएएचसीआय' नावाची की असते, तिच्यातल्या 'स्टार्ट'ची व्हॅल्यू ० करा, मग रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय निवडा. इंटेलचा स्वतःचा स्टोरेज ड्रायव्हर आधीपासून टाकलेला असेल तर त्याच्याही कीमध्ये हेच करावं लागतं. विंडोज ८ आणि १० मध्ये सोपं आहे, सेफ मोडमध्ये रीस्टार्ट लावायचं, जाता जाता बायोसमध्ये बदलायचं, सेफ मोडमध्ये एकदा चालू झालं की झालं. एक्सपीवर हा उद्योग नकोच.

पीसी चालू असताना कॅबिनेट उघडून आतल्या साटा केबललाच डिस्क लावली तर?

एएचसीआय असेल तर तत्त्वतः चालतं, आधी डेटा लावायचा की पॉवर यावरही लोक वाद घालतात. पण हातात फिरती डिस्क, खाली उघडा मदरबोर्ड, डिस्कच्या खालची पीसीबी (सर्किट बोर्ड) कॅबिनेटच्या पत्र्याला टेकली की खेळ खल्लास. हेच करायचं असेल तर पुढच्या सीडी ड्राइव्हच्या जागेत बसणारा मोबाइल रॅक मिळतो, दार उघडून डिस्क आत सरकवायची. छान वस्तू आहे. पण परत तेच, बोर्डात एएचसीआय हवं.

डॉक घेऊ की केसिंग?

डिस्क सारखी बदलणार असाल तर डॉक, एकच डिस्क कायम राहणार किंवा पिशवीतून फिरणार असेल तर केसिंग (डिस्क बंद ठेवायची डबी). डॉकमध्ये डिस्क उभी उघडी असते, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विचार करा.

दोन डिस्कच्या डॉकबद्दल दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, आत यूएसबीची चिप एकच असते, त्यामुळे पुष्कळ डॉकमध्ये एक डिस्क काढली किंवा घातली की दुसरीही क्षणभर सुटते आणि परत लागते. दुसरीवर काही कॉपी चालू असेल तर ती फाइल गेली. खरं हॉट-स्वॅप हवं असेल तर एक-एक डिस्कचे दोन डॉक घ्या, थोडे जास्त पैसे जातील पण जाऊ देत. दोन, पुढे 'क्लोन' नावाचं बटण असतं, ते पीसीशिवाय एक डिस्क दुसरीवर जशीच्या तशी उतरवतं आणि दुसरीवरचं सगळं पुसतं. कुठला खण सोर्स आणि कुठला टार्गेट हे डॉकवर मार्करने मोठ्ठं लिहून ठेवा. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क एकदम लावल्या तर विंडोज एक ऑफलाइन दाखवतं कारण दोघींची सही (डिस्कची ओळखखूण) सारखीच असते, डिस्क बिघडलेली नसते.

पॉवर अॅडॉप्टरबद्दल काही?

साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ दोन्ही व्होल्ट लागतात, आणि फिरायला सुरुवात करताना ती १२ व्होल्टवर जवळजवळ २ अँपिअर खेचते. म्हणून डॉकसोबत आलेलाच अॅडॉप्टर वापरा. घरात राउटरचा, सेटटॉप बॉक्सचा, लॅपटॉपचा असे सगळ्यांचे पिन सारखेच दिसणारे अॅडॉप्टर असतात, त्यातला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा डॉकला लागला तर डॉक आणि डिस्क दोन्ही जातात. चिठ्ठी चिकटवा त्यावर, आजच.

अडीच इंचीला ५ व्होल्ट पुरतात, पण यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो (३.० चा ९००) आणि डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते. पुढचे पोर्ट तर आतल्या बारीक वायरवर असतात, म्हणून मागच्या पोर्टला लावा. दोन यूएसबी तोंडांची वाय केबल मिळते, तीही चालते.

आणि हे फार महत्त्वाचं. पीसी यूपीएसवर असतो पण डॉकचा अॅडॉप्टर भिंतीतल्या साध्या बोर्डाला! लाईट गेली की पीसी मजेत चालू आणि डिस्क लिहिता लिहिता बंद. म्हणजे हॉट-स्वॅप झालं, पण तुम्हाला न विचारता. डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएस असेल तर निदान थोडंफार सावरतं, एक्सफॅट असेल तर अख्खा फोल्डर गेलेला पाहिलाय. डॉक यूपीएसलाच लावा.

४ टीबीची डिस्क घेतली, पीसी २ टीबीच दाखवतो.

डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी एमबीआर पद्धत आहे ती, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये २ टीबीच्या पुढे मोजताच येत नाही. विंडोज ७ असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्क जीपीटी (त्याच नोंदीची नवी पद्धत) करा, डेटासाठी जुन्या बायोसवरही चालते, त्यावरून विंडोज बूट करता येत नाही एवढंच. बदलताना आतलं सगळं काढावं लागतं हे लक्षात ठेवा. ३२ बिट एक्सपी जीपीटी वाचतच नाही, तिथे २ टीबीपर्यंतच थांबा. डॉक किंवा केसिंग फार जुनं असेल तर त्याची चिपच २ टीबीच्या पुढे जात नाही, मग विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही.

केसिंगमधली डिस्क काढून डॉकला लावली तर 'फॉरमॅट करा' म्हणतंय. डेटा गेला का?

थांबा, फॉरमॅटला हो म्हणू नका!! डिस्क परत तिच्या जुन्या केसिंगमध्ये घाला, बहुतेक वेळा सगळं जागेवर असतं. काही केसिंग मोठ्या डिस्क एक्सपीला दिसाव्यात म्हणून सेक्टर ४ केबीचा आहे असं सांगतात, ते केसिंग काढलं की हिशोब चुकतो आणि विंडोजला डिस्क कोरी वाटते. काहींमध्ये केसिंगच्या चिपवर एन्क्रिप्शन असतं, तिथे तर त्या चिपशिवाय काहीच वाचता येत नाही. म्हणून आधी जुन्या केसिंगमधून डेटा दुसरीकडे घ्या, मग नव्या डॉकमध्ये नव्याने फॉरमॅट करा.

आणि डब्ल्यूडीच्या छोट्या अडीच इंची पोर्टेबल डिस्क उघडून बघायच्या भानगडीत पडू नका, बहुतेकांच्या बोर्डावर साटा कनेक्टर नसतोच, यूएसबीच थेट चिकटवलेलं असतं.

मोठ्या एक्सटर्नलमधून काढलेली डिस्क पीसीत लावली तर फिरतच नाही.

साटा पॉवरची तिसरी पिन. पूर्वी त्यावर ३.३ व्होल्ट यायचे, जुना एसएमपीएस अजून देतो. नंतरच्या स्टँडर्डमध्ये त्या पिनला दुसरं काम दिलं, तिथे व्होल्टेज आलं की डिस्क बंद राहते. मोलेक्स ते साटाचं कन्व्हर्टर लावा, त्यात ३.३ ची वायरच नसते, डिस्क लगेच फिरते.

याच्या उलटी भानगड व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपवाल्या फार जुन्या बोर्डांची. ती ३ गिगाबिटची साटा डिस्क ओळखतच नाही, डिस्कवर जंपर लावून १.५ वर आणावी लागते.

फॉरमॅट कुठला?

फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, डोळे मिटून. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तो टीव्हीसाठी ठेवा.

दर वेळी 'सेफली रिमूव्ह' करायलाच हवं का?

यूएसबीवर विंडोज आपणहून क्विक रिमूव्हल धरून चालतं, त्यामुळे नाही केलं तरी पुष्कळदा निभावतं. ई-साटाला लावलेली डिस्क मात्र विंडोजला आतलीच वाटते, राइट कॅशे चालू असतो, म्हणजे कॉपी झालं असं दिसलं तरी शेवटचा तुकडा अजून रॅममध्ये असू शकतो. तिथे इजेक्ट हवंच. खालच्या आयकॉनमध्ये ती दिसली नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिसेबल करा. इजेक्ट झाल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा, प्लॅटर (आतल्या चकत्या) फिरायचे थांबू देत, फिरती डिस्क उचलून हातात वाकडी करणं हे तिला सगळ्यात वाईट.

'डिव्हाइस वापरात आहे' म्हणत असेल तर उघडा फोल्डर, व्हीएलसी, आणि अँटिव्हायरसचं स्कॅन हे तीन बघा. तरी ऐकत नसेल तर साइन आउट करा, नाहीतर सरळ शटडाउन, त्यात कमीपणा नाही.

पीसी स्लीप किंवा हायबरनेटमध्ये असताना डिस्क बदलली तर चालेल ना?

अजिबात नाही. विंडोज जागं होतं तेव्हा त्याच्या डोक्यात जुन्याच डिस्कचा नकाशा असतो आणि नव्या डिस्कवर तो लिहून मोकळं होतं. विंडोज ८ आणि १० मधलं फास्ट स्टार्टअपही अर्धं हायबरनेटच, शटडाउन केलंय असं वाटतं पण पूर्ण नसतं, लिनक्स तर अशी डिस्क लिहायला उघडतच नाही. डिस्क बदलत राहणार असाल तर फास्ट स्टार्टअप बंद करून टाका.

डॉक लावलेला असला की पीसी सुरूच होत नाही, काळ्या स्क्रीनवर अडकतो.

बायोस डॉकमधल्या डिस्कवरून बूट करायला बघतोय. बूट ऑर्डरमध्ये आतली डिस्क वर आणा आणि यूएसबी बूट बंद करा. तरी अडकला तर विंडोज आल्यावर डॉक चालू करायचा. वेगळ्या कार्डाला लावलेला डॉक जुन्या बायोसला शक्यतो दिसतच नाही, त्यामुळे तो त्रास आपोआप जातो.

जुन्या आयडीई डिस्क पडल्यात घरी, त्यातले फोटो काढायचेत.

साटा आणि आयडीई दोन्ही तोंडं असलेली यूएसबी केबल मिळते, ती घ्या, जंपर मास्टरवर ठेवा. मदरबोर्डवरची आयडीई केबल पीसी चालू असताना कधीही काढायची-घालायची नाही, आयडीईत हॉट-स्वॅप हा प्रकार नाही. फोटो निघाले की ती डिस्क परत वापरू नका.

लॅपटॉप जुना आहे, त्याला काय?

कडेला एक्सप्रेसकार्डची फट असेल तर यूएसबी ३.० चं एक्सप्रेसकार्ड बसतं, पॉवर कमी मिळते म्हणून डॉक किंवा केसिंग स्वतःच्या अॅडॉप्टरवालं घ्या. थिंकपॅड टी४१० आणि लॅटिट्यूड ई६४१० सारख्यांना कडेला ई-साटा असतंच, यूएसबीच्याच भोकात, लोकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं.